चढणीचे मासे आणि एक डिलीट केलेली रील

[पावसाचा आवाज, मागे पाण्याची खळखळ]

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा कमी करा. आत्ता जो खळखळाट ऐकलात तो मी हिंगणीत, बोर नदीच्या काठावर उभा राहून फोनवर टिपलाय. हिंगणी म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं आमचं गाव. नागपूर-वर्ध्याकडून बोरचा वाघ बघायला येणारे लोक आमच्या गावातून गाड्या पळवत जातात. थांबले तर चहापुरते. नदीकडे कोणी बघत नाही. खरं सांगायचं तर मीही बघत नव्हतो.

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. इतिहासात शिरायची वेळ माझ्यावर त्या चुकीमुळेच आली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मृग कोरडा गेला होता, आणि मग एका रात्री धो-धो पाऊस झाला. सकाळी मी नदीवर गेलो. गावापासून थोडं खाली एक जागा आहे, तिथे पाणी दगडगोट्यांवरून उथळ वाहतं. ते गढूळ, तांबडं पाणी वरून येत होतं आणि त्याच्या उलट दिशेनं मासोळ्या चढत होत्या. बोटाएवढ्या, वीतभर, काही हातभर. दगडावर आपटायच्या, मागे पडायच्या, परत उडी मारायच्या. पोटं फुगलेली. मी फोन काढला, तीस सेकंदांची रील केली, एक गाणं टाकलं, लोकेशन टाकलं आणि अपलोड केली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात जास्त चाललेली रील ती.

चौथ्या दिवशी परत गेलो तर त्याच जागी या काठापासून त्या काठापर्यंत जाळं बांधलेलं होतं. दोन पोरं बॅटरी, इन्व्हर्टर आणि काठीला गुंडाळलेली वायर घेऊन उभी होती. करंटनं मासे धरत होती. पोत्यात जे होतं त्यातलं निम्मं अंड्यांनी भरलेलं.

काठावर आमच्या गावाकडचे एक म्हातारे भोई काका बसले होते. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "तूनच तं दाखवलं ना बाबू साऱ्याइले. आमी जलमभर पाह्यत आलो, पण कोणाले सांगतलं नाही."

रील डिलीट केली. पण डिलीट करून काय होतं, शेअर तर झाली होतीच.

तर प्रश्न हा, की मासे अंडी कुठे घालतात हे आजवर कोण बघत आलं? बघून त्याचं काय केलं? आणि ज्यांना माहीत होतं ते गप्प का राहिले?

आधी थोडं माशांबद्दल, म्हणजे पुढचं समजेल. पहिल्या मोठ्या पावसात नदीचं पाणी चढतं, थोडं गार होतं, त्यात नवीन हवा मिसळते. बऱ्याच जातींच्या माशांना हाच इशारा असतो. ते खोल डोहातून निघून उथळ पाण्याकडे, छोट्या नाल्यांकडे, भरलेल्या बांध्यांकडे चढतात. कोल्हापूर-कोकणाकडे यांना चढणीचे मासे म्हणतात आणि त्यांची वाट बघून बसलेली घरं तिकडे अजून आहेत. ठाणे-पालघर-रायगडच्या भागात या पकडीला वलगण म्हणतात. चवीला मासा तेव्हाच चांगला, कारण तो गाभोळीनं भरलेला असतो. म्हणजे खाणाऱ्याला जो मासा सगळ्यात हवा, तोच नदीलाही सगळ्यात हवा असतो. इथेच सगळं भांडण आहे.

सगळे मासे चढतात असंही नाही. मरळ घ्या. ती पाणवनस्पती बाजूला सारून शांत पाण्यात घरटं करते, आणि नर-मादी दोघं पिल्लांची राखण करतात. पृष्ठभागावर नारिंगी पिल्लांचा थवा दिसला की खाली मोठी मरळ असणार हे प्रत्येक भोयाला माहीत असतं. ती मोठी मरळ गळाला लागली की तो थवा दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. एक मासा धरला, गेले शेकडो.

आता मागे जाऊ. चांगलंच मागे.

सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख आहे, राज्याभिषेकाला 26 वर्षं झाल्यावर कोरलेला. त्यात कुठले प्राणी मारायचे नाहीत याची यादी आहे, आणि त्या यादीत मासेही आहेत. शिवाय वर्षातल्या ठरावीक दिवशी, चातुर्मासी पौर्णिमांच्या आसपास वगैरे, मासे मारायचे नाहीत आणि विकायचेही नाहीत असं सांगितलंय. आता हे धर्मासाठी होतं की माशांच्या विणीसाठी, यावर अभ्यासक भांडत राहतील. मला एवढंच दिसतं की 'अमुक दिवस मासेमारी बंद' ही कल्पना या देशात बावीसशे वर्षं जुनी आहे. परवा कोणीतरी कमेंटमध्ये लिहिलं होतं की ही सगळी परदेशी फॅडं आहेत. त्यांच्यासाठी हे.

मग येतो बारावं शतक. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या शेजारचं. या राजानं 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ केला, साधारण 1129 चा. त्यात राज्यकारभार आहे, स्वयंपाक आहे, संगीत आहे आणि मत्स्यविनोद म्हणजे गळानं मासे धरण्याचं एक प्रकरण आहे. कोणता मासा समुद्रातला, कोणता नदीतला, कोणाला खवले, कोणाला नाहीत, कोणाला कुठलं आमिष, सगळं त्यात येतं. विसाव्या शतकात सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी हे प्रकरण काढून त्यावर लिहिलं, अशोकाच्या लेखातल्या माशांवरही लिहिलं. जाता जाता एक गंमत. मराठी भाषेच्या अगदी जुन्या नमुन्यांत याच मानसोल्लासातल्या काही ओळी मोजतात, आणि त्या ओळी आहेत मत्स्यावतारावर. आपली भाषा लिहिली जायला लागली तेव्हाच तिच्यात मासा होता.

पण सोमेश्वर राजा होता. त्याला ही माहिती कोणी दिली असेल? राजा काही पहाटे चार वाजता डोहाकाठी चिखलात बसत नाही. ती माहिती मासे धरणाऱ्यांचीच असणार, असा माझा अंदाज. नाव मात्र राजाचं लागलं.

हेच पुन्हा घडलं 1839 मध्ये. कर्नल विल्यम हेन्री साईक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी जमा करणारा अधिकारी, दख्खनभर फिरलेला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र सोसायटीनं छापला. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महाशीरला त्यानं नाव दिलं खुद्री. आजही त्या माशाचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री आहे. त्याच्याच निबंधातली आणखी नावं बघा: कोलस, मुसुल्ला, पोटैल, बोग्गट. ही लॅटिन नाहीत, मंडळी. काठावरच्या लोकांच्या तोंडची नावं साहेबानं आपल्या स्पेलिंगमध्ये उतरवून घेतली. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात त्या माशाच्या बाटलीवर हे शब्द आहेत. ते सांगणाऱ्या माणसांची नावं कुठेच नाहीत.

माशांच्या विणीकडे सरकारी नजर गेली ती फ्रान्सिस डे या डॉक्टरमुळे. त्यानं 1873 मध्ये भारत आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर अहवाल दिला. त्यासाठी जागोजागच्या कलेक्टरांना, तहसीलदारांना प्रश्न पाठवले गेले: तुमच्याकडे मासे कधी अंडी घालतात, पिल्लं मारली जातात का, जाळ्याचं भोक किती? एका अर्थानं हा देशभराचा सर्व्हेच. डेचं म्हणणं साधारण असं होतं की विणीचे मासे आणि पिल्लं बेसुमार मारली जातायत, आणि नद्यांवरच्या बंधाऱ्यांनी माशांच्या वाटा अडल्यात. त्यानंतर चोवीस वर्षांनी, 1897 मध्ये, भारतीय मत्स्य कायदा आला. सुरुंग आणि विष वापरून मासे मारणं गुन्हा ठरला. करंटची कल्पना तेव्हा कोणाला असणार! माझ्या नदीवरच्या पोरांनी सुरुंगाच्या जागी इन्व्हर्टर आणला एवढाच फरक.

आता जरा थांबून एका तारखेबद्दल बोलतो. 10 जुलै 1957. ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पिट्यूटरी ग्रंथीचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. म्हणून 10 जुलै हा मत्स्य शेतकरी दिन. याआधी काय होतं? रोहू, कटला, मृगळ साठलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. त्यांना वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणजे तळ्यात मासे वाढवायचे तर बीज नदीतून धरून आणावं लागे. कुठल्या वळणावर, कुठल्या पुरात, कितव्या दिवशी बीज मिळतं हे माहीत असणारी माणसं त्यामुळे मोलाची होती. इंजेक्शन आलं, हॅचरी आल्या, बीज पिशवीत मिळायला लागलं. ही फार मोठी गोष्ट झाली, लाखो लोकांच्या ताटात मासा आला. पण मला वाटतं, त्याच दिवसापासून नदीकडे बघणाऱ्याची गरज संपायला लागली. ज्या जागेतून पैसा येत नाही ती जागा कोण लक्षात ठेवणार?

आमच्याकडे साठच्या दशकात बोर धरण झालं. 1970 मध्ये अभयारण्य, 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प. वाघ मोजले जातात, कॅमेरे लागतात, आणि ते चांगलंच आहे. धरणाच्या भिंतीखाली जी नदी उरली, तिच्यातलं पाणी आता पावसाबरोबर कालव्याच्या आणि दरवाज्यांच्या वेळापत्रकावरही चालतं. भोई काकांच्या भाषेत, "नदीले आता पाऊस कमी अन् साहेब जास्त समजते."

आता या भागातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ती लोणावळ्यात सुरू होते आणि कावेरीत जाऊन फसते.

टाटांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीज करायला लोणावळ्याच्या आजूबाजूला धरणं बांधली. त्या तलावांत महाशीर होते. पावसाळ्यात ते तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांकडे चढत. राज्याच्या मत्स्य खात्याचे संचालक राहिलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी इथे महाशीरवर काम केलं. नर-मादी हातानं पिळून अंडी फळवायची, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. महाशीरचं अंडं जड असतं, तळाशी बसतं, फुटायला साधारण तीन दिवस घेतं. बाहेर आलेलं पिल्लूही लगेच पोहत नाही, उजेड टाळून दगडांच्या फटीत पडून राहतं. म्हणजे पहिला आठवडाभर त्याला पळता येत नाही. अशा वेळी तुम्ही त्या गोट्यांवरून नुसतं चालत गेलात तरी पायाखाली किती जातील! हे वाचल्यापासून मी पाण्यात पाय घालत नाही.

कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी आणखी एक साधी युक्ती काढली. अंडी ओल्या कापसात गुंडाळून पाठवायची. पाण्याची पिंपं नकोत. विमानानं जातात. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. त्यानंतर लोणावळ्याच्या केंद्रातलं बीज वेगवेगळ्या राज्यांत गेलं, हेतू एकच, संपत चाललेला महाशीर वाचवायचा.

कावेरीतही हा निळसर परांचा महाशीर सोडला गेला. पण कावेरीचा स्वतःचा महाशीर होता. पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा, पन्नास किलोच्या वर जाणारा. जगभरातले हौशी गळवाले त्याच्यासाठी गालीबोरच्या कॅम्पवर यायचे. मासा धरायचा, मोजायचा, परत सोडायचा आणि कॅम्पच्या वहीत लिहायचं: तारीख, किती तास बसलो, कुठल्या रंगाचा मासा, वजन. कोणी पगार देत नव्हतं. 1998 पासून 2012 पर्यंत ही वही चालली.

मग एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि जे. रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी त्या वह्या उघडल्या. 2015 मध्ये त्यांचा निबंध आला. वहीत काय दिसलं? निळसर परांचे मासे वाढत गेलेले. कुबडवाले कमी कमी होत गेलेले, आणि जे सापडत होते ते दरवर्षी आणखी मोठे. ऐकायला छान वाटतं ना, मोठे मासे! पण त्याचा अर्थ असा की पिल्लं येतच नव्हती. म्हातारे तेवढे उरले होते. एखाद्या गावात शाळा ओस पडावी आणि पारावरची गर्दी मात्र तशीच दिसावी, तसं. 2018 मध्ये या माशाचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी हे पक्कं झालं आणि त्याच वर्षी तो जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. म्हणजे नाव नीट कळायच्या आधीच मासा जवळजवळ संपला होता.

यात मला कोणाला व्हिलन करायचं नाही. कापसातली अंडी ही हुशारीच होती. फक्त अंडी सोडल्यावर नदीत काय होतंय हे बघायला कोणी नेमलेलं नव्हतं. बघितलं ते सुट्टीला आलेल्या गळवाल्यांनी, आणि तेही न कळत.

मला या वहीनं पछाडलं. कारण माझी रील आणि ती वही दोन्ही एकाच कामाच्या होत्या, माणसानं नदीवर जे पाहिलं ते टिपून ठेवलं. एकीनं चार दिवसांत जागा संपवली, दुसरीनं पंधरा वर्षांनी खरं सांगितलं.

आपल्या महाराष्ट्रात तिसराही एक प्रकार आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. तिथले मासे कोणी धरत नाही, लोक वरून चुरमुरे टाकतात आणि मोठमोठे महाशीर वर येतात. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वरापाशीही तसंच. तिथे जागा लपवलेली नाही, उलट जत्रा भरते. राखण भीती करते, भक्ती करते. पण देवीची हद्द डोहापुरती. मासा चढणीला डोहाबाहेर गेला की तो देवीचा नाही, ज्याच्या जाळ्यात गेला त्याचा.

आणि आमच्या सगळ्यात जवळचं उदाहरण भंडारा-गोंदियाचं. तिथे शेकडो जुने मालगुजारी तलाव आहेत. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या लोकांनी तिथल्या ढीवर समाजाबरोबर काम केलं. मुळात ढीवरांकडूनच शिकले म्हणा. कुठला देशी मासा कुठल्या वनस्पतीच्या आडोशाला अंडी घालतो, तलावाच्या कुठल्या भागात राहतो, हे पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जुन्या ढीवरांना पाठ होतं. मग तलावातली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती परत लावल्या आणि देशी मासे परत येतात का याची नोंद ठेवली. बायकांचे गटही यात आले. यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे बघणारा आणि मासे धरून जगणारा इथे एकच माणूस आहे. अंडी वाचली तर त्याचंच पुढच्या वर्षीचं पोट भरतं. त्याला 'जागृती' करायला कोणी शहरातून यावं लागत नाही.

बंदीचं म्हणाल तर समुद्रात आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, हे बातम्यांत ऐकलं असेल. शेजारच्या मध्य प्रदेशात नद्यांनाही 16 जून ते 15 ऑगस्ट बंदी लागते. आमची वर्धा नदी बैतूल जिल्ह्यात मुलताईकडे उगम पावते. म्हणजे वरच्या अंगाला जुलैत मासा कागदोपत्री सुरक्षित असतो.

तर मी काय करतो? रील प्रकरणानंतर पुढच्या उन्हाळ्यात मी भोई काकांकडे गेलो. वही नेली होती. त्यांनी आधी चहा पाजला, मग म्हणाले, "फोन खिशात ठेव. मंग बोलू."

त्या अटीवर आम्ही तिघं-चौघं आता पावसाळ्यात नदीवर जातो. काका, त्यांची नात जी बारावीला आहे, मी आणि जमेल तेव्हा एक मित्र. अभयारण्याच्या हद्दीत जात नाही, गावाखालच्या भागातच. काठावरून बघायचं, पाण्यात उतरायचं नाही. पहिला पूर कधी आला, पाणी एका ठरलेल्या दगडाच्या कुठल्या खुणेपर्यंत होतं, मासे चढताना दिसले का, किती वेळ, मरळीचा थवा दिसला का, जाळं होतं का. फोटो काढला तर आधी कॅमेऱ्याचं लोकेशन बंद. वहीत जागांना खरी नावं नाहीत. नातीनं त्यांना आपल्या आवडत्या मिठायांची नावं दिलीत, त्यामुळे आमच्या वहीत 'बालूशाहीला दुपारी चढ जोरात' अशी वाक्यं आहेत. वही चोरीला गेली तर चोराला भूक लागेल फक्त.

दिसायला हे काम फार कंटाळवाणं आहे. दहातले सात दिवस काहीच दिसत नाही. तेही लिहायचं. नातीचा हट्ट असतो की 'काही दिसलं नाही' असं न लिहिता 'तासभर बघितलं, दिसलं नाही' असं लिहायचं. गालीबोरच्या वहीत किती तास बसलो हे लिहिलेलं होतं म्हणून तर तिचा उपयोग झाला. हे मी तिला सांगितलं नव्हतं, तिला आपोआप सुचलं.

काकांशी एक गोष्ट अजून ठरलेली नाही. ते स्वतः मासे धरतात. चढणीचे सुद्धा, घरापुरते. पहिल्या वर्षी मी विचारलं, "काका, अंड्याचा मासा सोडून द्यायचा ना?" ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तू जाळंवाल्याइले काही म्हणला नाही, अन् मले म्हणतं." मला उत्तर आलं नाही. अजूनही नीट येत नाही. गेल्या पावसात मात्र त्यांनी स्वतः वहीत एक नोंद सांगितली आणि नातीनं ती तशीच लिहिली: 'बालूशाही. एक मरळ, मोठी. आजोबांनी धरली. पिल्लं होती. आजोबांनी सोडली.' आणि खाली, वेगळ्या शाईत: 'दुसरी धरली, ती खाल्ली.'

पुढच्या भागात सेलूच्या बाजाराचा इतिहास. तोपर्यंत तुमच्या गावाकडे चढणीच्या माशांना काय म्हणतात ते व्हॉइस नोट करून पाठवा. शब्द पाठवा. जागा पाठवू नका.

[पाण्याचा आवाज]